पंखेबंद पंतांची बखर

॥ श्री ॥ अग्नी, वायू आणि विद्युल्लता या तिन्ही देवता सकल कारखान्यांत अहोरात्र राबतात आणि त्यांस सुट्टी नाही, बढती नाही, हारतुरे वर्षातून एकदाच. त्यांस आदौ नमन करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन मास. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु ये हकीकतीत क्रोध थोडका आहे आणि तोही एका निजलेल्या वृद्धापायी उत्पन्न जाहला, हे वाचणारांनी ध्यानी धरावे.

कोणी एक अभियांत्रिकी विद्येचे राज्य होते. त्याचे प्रधान चिंतोपंत, ज्यांस लोक प्राचार्य म्हणत, आणि प्रजा म्हणजे शिष्यमंडळी, आणि त्या प्रजेचा एकच ध्यास की चाकरी लागावी तर संगणकाची, खुर्ची फिरती असावी आणि खोली थंड असावी. राज्याच्या पलीकडे माळावर कारखान्यांचे गड उभे होते आणि त्या गडांवर विजेची उधळपट्टी पाहावी तर डोळे दिपावे. भर दुपारी दिवे सूर्याशी पैज लावून जळत आणि मोटारी कामावाचून गरगरत आणि धुराड्यांतून ऊब आभाळास जाई आणि आभाळास तिची काडीची गरज नव्हती. मग महिनाअखेर विजेचे बिल आले की गडाचे धनी कपाळास हात लावीत आणि तोच हात पुसून पुन्हा दिवे लावीत. हे थांबवावे कैसे, ही विद्या कोणास ठाऊक नव्हती आणि ऐसी काही विद्या असते हेही कोणास ठाऊक नव्हते.

त्या राज्यात नरहरपंत सामक नामे यंत्रविद्येचे गुरु होते. अंगाने किरकोळ, आवाज मऊ, आणि खोलीतून माणूस बाहेर पडला की मागे पंखा फिरतो किंवा कसे हे पाहिल्यावाचून त्यांस चैन पडत नसे. म्हणोन शिष्यांनी त्यांस पंखेबंद पंत ऐसा किताब बहाल केला होता आणि तो पंतांस ठाऊक होता आणि ते मनातून त्यावर खूष होते. घरी पाहुणे येत आणि निघण्याचा रंग दिसू लागला की पंत हळूच बटणापाशी जाऊन उभे राहत. मग सुधाकाकू, म्हणजे त्यांचे कुटुंब, म्हणत, "अहो, माणसं चपला शोधताहेत अजून. त्यांना दिसू तरी द्या." प्रस्तुत लिहिणाराही एकदा त्या अंधारात सापडला आणि डाव्या पायी आपली व उजव्या पायी परकी वहाण घालून घरी पोहोचला. तरी पंतांविषयी मनात किल्मिष आले नाही, कारण माणूस तैसाच होता, त्याचा राग येता येता हसू येत असे.

या पंतांनी विद्यालयाच्या मागील अंगास, गच्चीच्या जिन्याखाली, एक दालन मागून घेतले आणि तेथे कारखान्यांत ऊर्जा वाचविण्याच्या विद्येची पाठशाळा घातली. तेथे ते शिकवीत की वाफ कोठे निसटते, उष्णता भिंतीतून कैसी पळते, पंपावर ओझे किती आणि मोटार त्याहून थोर का, आणि दाबलेली हवा नळ्यांतून जाता जाता वाटेत कोण लुटतो. पंतांचे सूत्र एकच होते, की जे चालते आणि कोणाच्या कामी येत नाही, तो गडावरचा फितूर जाणावा. आणि फितूर बाहेरून येत नसतो, तो आतच जेवून खाऊन असतो. त्यांची परीक्षाही न्यारी. शिष्यास म्हणत, "जा रे, पलीकडच्या खोलीत हे पुस्तक ठेवून ये." पलीकडे पंखा मुद्दाम चालू ठेविलेला असे आणि पंत इकडे खडू हातात धरून कान देऊन बसत. शिष्य निघताना तिकडून 'टक्' ऐसा बटणाचा आवाज आला, तर पंतांच्या चेहऱ्यावर दिवाळी. न आला, तर पंत उठून स्वतः जात आणि टक् करून येत आणि शिष्यास एक अक्षर बोलत नसत, आणि त्या न बोलण्याने शिष्य अर्धमेला होई.

परंतु पाठशाळेस लागोपाठ काही वर्षे होऊन गेली आणि एकाही गडाने एकही शिष्य त्या विद्येकरिता म्हणोन मागितला नाही. शिष्य शिकत आणि शेवटी संगणकाच्या चाकरीस जात. मग प्रधानांनी पंतांस हुजूर बोलाविले आणि खुर्ची पुढे करून बोलिले, "सामक, तुमचं शिकवणं चांगलंच आहे, मी कुठं नाही म्हणतोय. पण पालक मला विचारतात, याचा उपयोग काय? दसऱ्यापर्यंत बघा. एक तरी कंपनी येऊ दे आणि तुमचं एक तरी पोरगं याच कामासाठी मागू दे. नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर ती खोली कॉम्प्युटरवाल्यांना." पंत म्हणाले, "मागत नाहीत, कारण काय मागायचं तेच त्यांना माहीत नाही." प्रधान म्हणाले, "मग दाखवा ना त्यांना."  पंत उठले आणि जाता जाता प्रधानांच्या डोईवर दिवसाढवळ्या जळणारा दिवा मालवून गेले, आणि हे आपण केले याचे त्यांस भानही नव्हते.

ते समयी पंतांपाशी निष्ठेचे शिष्य दोनच उरले होते. एक इर्शाद बागवान, कानाचा तिखट आणि जिभेचा त्याहून तिखट. दुसरी वैजयंती थोरबोले. तिच्या बापाची गावात पिठाची गिरणी होती आणि दळण सरले की पट्टा थांबव, मग दुसरे बोल, ऐसे ती परकरात होती तेव्हापासून ऐकत आली होती, म्हणोन पंतांची विद्या तिला परकी वाटली नाही. तिला संगणकाच्या चाकरीचे बोलावणे आले होते. बापाने फोनवर विचारले, "ते थंड खोलीतलं का नको म्हणतीस?" तिने उत्तर दिले, "दादा, सरांची शाळा बंद पडंल. आम्ही दोघं पण निघालो तर शिकवायचं कुणाला?" बाप म्हणाला, "दसरा होऊ दे मग." येणेप्रमाणे तिने आपले नशीब त्या जिन्याखालच्या दालनास बांधून टाकिले.

मग पंतांनी माळावरील गडोगडी पैगाम पाठविले आणि बहुतांनी उत्तर दिले नाही, आणि एकाने दिले. तो बाटलीगड. नावावरून कोणी मद्याचा संशय धरू नये. तेथे सरबताच्या आणि तेलाच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत. चिमुकली नळी तापवावी आणि तीत जोराने हवा भरावी की ती टम्म फुगोन बाटली होते, म्हणोन त्या गडावर सारे राज्य हवेचे. हवा दाबणारे मोठे यंत्र, ज्यास कॉम्प्रेसर म्हणत, ते गर्जत असे आणि शेजारी हवेची लोखंडी टाकी, आणि तिजवर काचेआड काटा, जो टाकीत किती दाब आहे ते दाखवी. गडाचे धनी रणधीरराव दणाईत, आणि त्यांचे वडील अप्पासाहेब, ज्यांनी तो गड उभारिला आणि आता कारभार लेकाच्या हाती देऊन रोज सकाळी नुसते येऊन बसत. रणधीरराव म्हणाले, "या, बघा काय ते. बिल बघून मलाच घाम फुटतो. पण माणसांना उगाच त्रास नको."

मग स्वारी निघाली. आयुधे येणेप्रमाणे: गळत्या सांध्यावर बुडबुडे उठवावयास साबणाचे पाणी एक बाटली, विजेचा प्रवाह मोजणारा चिमटा, आणि लांबूनच तापमान सांगणारी बंदूक. गडाच्या दारी पहारेकऱ्याने झडती घेतली आणि बंदूक पाहोन दोन पावले मागे सरला. इर्शाद म्हणाला, "काका, ही गोळी मारत नाही. कुणाला ताप आहे का तेवढं सांगते." पहारेकरी म्हणाला, "मला आहे थोडा, बघ बरं." ऐसी दिलजमाई होऊन स्वारी आत शिरली आणि यंत्रांच्या गोंगाटात नळ्या तपासू लागली. कामकरी माणसे हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवीत, केस वाळवीत, एक जण तर तिने डबा गार करीत होता. पंतांनी विचारिता म्हणाला, "हवाच आहे की सर. हवेला काय दाम?" पंतांनी डोळे मिटून घेतले. दुपारी पंतांनी रणधीररावांस सांगितले की तुमची हवा जागोजागी गळते. ते म्हणाले, "सर, मशीन चालू आहेत, हवा जाणारच. ती बाटल्यांत जाते. गळते कशावरून?" पंत म्हणाले, "सगळी मशीन बंद करून बघितलं तर कळेल." रणधीररावांस हसू आले. "माझा कारखाना वर्षातून एकच दिवस बंद असतो, खंडेनवमीला. आणि त्या दिवशी कॉम्प्रेसरसुद्धा बंद. पूजेच्या दिवशी यंत्राला राबवायचं नाही, हा अप्पांचा नियम आहे." साबणाच्या बुडबुड्याने एखादा सांधा दिसे, परंतु गड चालू असता साऱ्या गळतीचा आवाज ऐकू येत नाही आणि गड बंद असता हवा दाबणारा नाही, ऐसा तो पेच होता.

तरी काम चालूच होते, आणि बरे वाईट काहीही न होते तर सायंकाळी चहा पिऊन स्वारी परतती. परंतु होणारे चुकत नाही. रणधीररावांची सदर होती, जेथे मसलती चालत. खिडकी नाही, दिवे पाच-पन्नास, आणि गारवा ऐसा की आत लोणी थिजावे. वैजयंती त्या वाटेने जात होती आणि दार उघडे होते आणि तिने पाहिले की दिवे जळताहेत, थंडी वाहते आहे आणि माणूस कोणी नाही. तिचा हात आपोआप गेला. टक्, टक्, टक्. वीजही बंद, गारवाही बंद, आणि गारवा पळू नये म्हणोन दारही लावून घेतले, आणि ती पुढे गेली. आता त्या सदरेत उंच पाठीचा एक कोच होता आणि त्या कोचावर, पाठीआड, जेवणोत्तर अप्पासाहेब निजले होते. काही वेळाने त्यांस जाग आली आणि पाहतात तो मिट्ट काळोख आणि अंगाची काहिली. त्यांस वाटले की आपण कैलासवासी जाहलो, आणि कैलासात एवढे उकडते याचे त्यांस नवल वाटले. मग ते भिंत चाचपीत उठले आणि फळीवर मांडलेले मानाचे प्याले एकामागून एक खाली आले आणि त्या आवाजाने गड हादरला आणि दार उघडले तेव्हा अप्पासाहेब घामाने निथळत, एका प्याल्याची मूठ हाती धरून उभे होते.

रणधीररावांची मर्जी खप्पा जाहली. ते पंतांस म्हणाले, "सर, तुम्ही वीज वाचवायला आलात की माझ्या बापाला संपवायला? ऐंशी पार केलेला माणूस आहे. काही झालं असतं म्हणजे?" पंत म्हणाले, "चूक झाली." वैजयंती पुढे आली, "साहेब, चूक माझी आहे." रणधीरराव म्हणाले, "कुणाची का असेना. पुन्हा या गेटच्या आत मला तुमच्यापैकी कुणी दिसायला नको." मग साबणाचे पाणी आणि बंदूक उचलून स्वारी माघारी निघाली. परतीच्या बसमध्ये इर्शाद साबणाची बाटली मांडीवर घेऊन बसला. वैजयंती खिडकीकडे तोंड करून रडत होती. पंत म्हणाले, "रिकामी खोली बंद केलीस ते बरोबरच केलंस. खोली खरंच रिकामी आहे का, हे विचारायला मी शिकवलं नाही. तेवढं माझं राहिलं." परंतु एकुलता एक गड आपल्या हातून गेला आणि त्याबरोबर सरांची शाळाही गेली, एवढेच तिच्या मनात होते.

त्याउपरि दालनाबाहेर संगणकांची खोकी येऊन पडू लागली. पंत फळ्यावर शिकवीत आणि बाहेर हमाल विचारीत, "सर, हे आत्ताच आत घेऊ का?" आणि पंत म्हणत, "दसऱ्यापर्यंत थांबा हो," आणि पुन्हा दोघा शिष्यांकडे वळत. खंडेनवमीचे आदले दिवशी वैजयंती पंतांच्या घरी गेली आणि म्हणाली, "सर, नोकरी-बिकरी राहू दे. मला त्या आजोबांची माफी मागायचीय. पण गेटातून आत कोण घेणार?" पंत विचारात पडले. सुधाकाकू आतून पुरण वाटता वाटता बोलिल्या, "त्यात विचार कसला? उद्या यंत्रांची पूजा. पूजेला आलेल्या माणसाला कोणी दारातून परत पाठवतं का? नारळ घेऊन जा, आणि तुमची ती बंदूक घरी ठेवा." ही मसलत सर्वांस मानवली.

खंडेनवमीस बाटलीगड ओळखू येईना. दारास झेंडूचे तोरण, यंत्रांस हार, खटक्यांवर हळदकुंकू, आणि माणसे धुतल्या कपड्यांत, बायकापोरांसह. पहारेकऱ्याने तिघांस पाहिले आणि नारळही पाहिला आणि हळूच विचारले, "आज बंदूक नाही ना?" आणि आत सोडले. यंत्रे सारी बंद होती. कॉम्प्रेसरही सकाळपर्यंत चालून टाकी भरोन नुकताच बंद केला होता, आणि भटजींनी मांडणी त्याच्याच पुढे केली होती, कारण अप्पासाहेबांनी गडावर पहिल्याने आणलेले यंत्र तेच. तिघे मागे जाऊन उभे राहिले. अप्पासाहेबांनी यंत्रास हार घातला आणि टाकीस हळद लाविली आणि मग काट्याच्या काचेवर, जेथे काट्याचे टोक होते नेमके तेथेच, अंगठ्याने कुंकवाचा ठळक टिळा लाविला, जैसा माणसाच्या कपाळी लावावा. मग घंटा झाली आणि आरत्यांस आरंभ जाहला. गणपतीची जाहली, देवीची जाहली, शंकराची जाहली, आणि अप्पासाहेबांस जितक्या येत तितक्या साऱ्या जाहल्या आणि त्यांस बहुत येत.

वैजयंती टाळ्या वाजवीत होती आणि तिची नजर काचेवर गेली. काटा कुंकवाआड नव्हता. तिला वाटले आपणच चुकीचे पाहतो. दुसरी आरती जाहली आणि काटा आणखी खाली, तिसरीस आणखी. तिने पंतांची बाही ओढली आणि पंतांनी पाहिले आणि त्यांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. ती कुजबुजली, "सर, कॉम्प्रेसर बंद आहे. कुणी हवा घेत नाहीये. तरी..." पंतांचा चेहरा बघवेना. वर्षानुवर्षे फळ्यावर काढिलेले चित्र समोर हळदकुंकू लावून उभे होते. तरी ते मान हलवून म्हणाले, "नको. आज आपण माफी मागायला आलोय. मोजायला नाही." शाळा जात असता ऐसे बोलणे सोपे नव्हते आणि हे तिला समजले, म्हणोन तिने मान खाली घातली.

मंत्रपुष्पांजली जाहली आणि माणसे प्रसादाकडे वळू लागली, तो ती पुढे जाऊन अप्पासाहेबांच्या पाया पडली. "आजोबा, त्या दिवशी दिवे मी बंद केले. आत कोणी आहे का, हे मी विचारलंच नाही. माफ करा मला." रणधीररावांनी तिला ओळखिले आणि कपाळास आठी पडली, परंतु पूजेचा दिवस म्हणोन गप्प राहिले. अप्पासाहेबांनी तिला निरखून पाहिले. "तूच का ती? अगं, मला वाटलं मी वर गेलो. म्हटलं, एवढी दानधर्माची आयुष्यभर हौस केली आणि वर हे असं?" माणसे हसली. मग म्हणाले, "घाबरू नकोस. माझ्या घरातलं कोणी असतं तर म्हाताऱ्यावर दार लोटून गेलं असतं आणि एसी तसाच बोंबलत राहिला असता. तुला तेवढं तरी सुचलं. फक्त बटण दाबायच्या आधी एक हाक मारत जा, 'कोणी आहे का' म्हणून. बाकी तुझं बरोबर आहे. बोल, आणखी काही?"

तिने पंतांकडे पाहिले. पंत भुईकडे पाहत होते. मग तिने विचारिले, "आजोबा, मघाशी कुंकू कुठं लावलंत?" अप्पासाहेब म्हणाले, "काट्याच्या टोकाला. दरवर्षी तिथंच लावतो," आणि बोलता बोलता काचेकडे वळले आणि बोट तसेच राहिले. कुंकू होते तेथेच होते, आणि काटा घसरोन अर्ध्याखाली आला होता. त्यांनी काचेवर टिचकी मारली. रणधीरराव म्हणाले, "अप्पा, मीटर बिघडलं असेल." अप्पासाहेब म्हणाले, "माझ्यासमोर सकाळी बरं होतं. कुणी हवा घेतली रे?" कामकरी एकमेकांकडे पाहू लागले आणि एक जण म्हणाला, "साहेब, आज यंत्राला हात लावायचा नसतो. आम्ही शिवलोसुद्धा नाही." तेव्हा इर्शादने ओठांवर बोट ठेविले आणि म्हणाला, "जरा सगळे गप्प बसा. नुसतं ऐका."

मग गडावर ऐसी शांतता जाहली जैसी वर्षातून एकच दिवस होऊ शकते. भटजी थांबले, पोरांची तोंडे आयांनी धरिली. आणि त्या शांततेत वरून, खालून, भिंतीआडून, नळीच्या प्रत्येक सांध्यातून बारीक सुस्कारा ऐकू येऊ लागला, सुऽऽ सुऽऽ, दूध उतू जाण्यापूर्वी करते तैसा. गोंगाटात ज्याचा कोणास पत्ता नव्हता तो फितूर सणाच्या दिवशी सर्वांदेखत बोलू लागला. वैजयंतीने तबकातील उदबत्ती उचलली आणि एका सांध्याजवळ धरली, तो वर जाणारा धूर काटकोनात वळोन बाजूस पळाला. दुसऱ्या सांध्याजवळ धरली, तेथेही तोच प्रकार. अप्पासाहेब म्हणाले, "रणधीर, आज सगळ्यांना सुट्टी. मग बंद कारखान्यात हवा खायला आलंय कोण?"  रणधीररावांनी वैजयंतीच्या हातची उदबत्ती मागून घेतली आणि नळीमागून नळी, सांध्यामागून सांधा, धूर वळतो किंवा कसे ते आपल्या डोळ्यांनी पाहत साऱ्या गडास प्रदक्षिणा घातली, आणि परत आले तेव्हा उदबत्ती सरली होती आणि रागही सरला होता. पंतांस म्हणाले, "सर, मी म्हणत होतो, हवा बाटल्यांत जाते." पंत म्हणाले, "जाते ना. उरलेली." यावर रणधीरराव हसले आणि त्यांनी प्रसादाचा पेढा आपल्या हाताने पंतांस भरविला.

दुसरे दिवशी दसरा. विद्यालयात सरस्वतीपूजन आटोपले होते आणि प्रधान आपट्याची पाने वाटीत होते आणि हमाल खोकी उचलावयास सिद्ध होते, तोच अप्पासाहेब काठी टेकीत, लेकासह, दाराशी आले. प्रधान लगबगीने सामोरे गेले. अप्पासाहेबांनी त्यांस सोने दिले आणि गळाभेट घेतली आणि म्हणाले, "सोनं दिलं, आता माझं मागणं ऐका. तुमच्याकडची थोरबोलेंची पोरगी आम्हाला हवी. बाटल्या बनवायला नव्हे, हवा राखायला. सांगून ठेवतो, पुढच्या वर्षी हा बागवान पण. आमच्या शेजारचे काल पूजेला आले होते, तेही विचारत होते हे असं कुठं शिकवतात." प्रधान पंतांकडे पाहतच राहिले. मग हमालांस म्हणाले, "खोकी वरच्या मजल्यावर न्या रे." आणि पंतांस म्हणाले, "सामक, तुम्हाला मोठी खोली देऊ का? आठ पंखे आहेत." पंत घाबरून म्हणाले, "नको, नको. आठांच्या मागं कोण धावणार? हीच बरी." ऐसे त्या वर्षीचे सीमोल्लंघन जाहले.

मग चाकरीवर रुजू होण्याचे आदले सायंकाळी वैजयंती दालनात आपले सामान आवरावयास आली. पंत कपाटाआड आपल्या मेजाशी बसले होते आणि ती आली हे त्यांनी ओळखिले, परंतु उठले नाहीत. तिने आपला डबा घेतला, पट्टी घेतली, फळा पुसला, बाकावरून एकदा हात फिरविला. दारापर्यंत गेली आणि थांबली आणि अप्पासाहेबांचे बोलणे स्मरोन तिने हाक मारली, "कोणी आहे का?"

पंतांस ओ द्यावीशी वाटली. परंतु न बोलावे तर पुढे काय होते ते ऐकावयास मिळेल, म्हणोन त्यांनी खडू हातात घट्ट धरिला आणि श्वास रोधून बसले. ती क्षणभर वाट पाहत राहिली आणि मग, टक्. पंखा थांबला, दिवा गेला, दार लागले, पावले जिन्याकडून दूर गेली. पंत अंधारात बसून राहिले. ते रडत होते आणि हसतही होते आणि पाहावयास कोणी नव्हते, म्हणोन डोळे पुसले नाहीत. पुढे उशीर जाहला म्हणोन सुधाकाकू शोधीत आल्या आणि दार उघडून म्हणाल्या, "अहो, असे अंधारात काय बसलात? दिवा तरी लावायचा." पंत म्हणाले, "राहू दे. आत्ताच एका पोरीनं बंद केलाय."

एवढी हकीकत जैसी ऐकिली आणि काही पाहिली तैसी लिहिली. पाठशाळा हल्ली चालू आहे आणि जिन्याखालीच आहे आणि बाटलीगडावर दर खंडेनवमीस कुंकू काट्याच्या टोकाला लावितात आणि आरत्या सरल्यावर सारे वाकून पाहतात. काटा आता थोडकाच ढळतो. लिहिणारा आता उठतो, दार लोटण्यापूर्वी एक हाक मारितो आणि दिवा मालवितो.